सामना नसतानाही मुंबईची मैदाने पाहावीत

मुंबईत सामन्याचे तिकीट मिळाले नाही तर वानखेडे स्टेडियम नुसते बाहेरून पाहून परतण्यात अर्थ नाही, असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. चर्चगेटपासून पायी फिरण्याच्या टापूत भारतीय क्रिकेटचा जेवढा इतिहास आहे, तेवढा देशात इतरत्र क्वचितच एकवटला असेल.

माझ्या मते सुरुवात आझाद मैदानापासून करावी. त्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर डिसेंबर १९३३ मध्ये भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना झाला आणि लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले कसोटी शतक झळकावले. क्लबमध्ये प्रवेश सभासदांपुरता असला, तरी मैदान रस्त्यावरून दिसते. आझाद मैदानावरच १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. आजही तिथे एकाच वेळी इतके सामने चालू असतात की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीजवळ उभा दिसतो, आणि हे दृश्य कोणत्याही बंदिस्त स्टेडियमपेक्षा मला अधिक मोलाचे वाटते.

तिथून ब्रेबॉर्न आणि वानखेडे ही दोन्ही स्टेडियम जवळच आहेत. १९३७ मधले ब्रेबॉर्न असताना एवढ्या जवळ दुसरे स्टेडियम का, असा प्रश्न पाहुण्यांना हमखास पडतो. ब्रेबॉर्नचा मालक असलेला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यातील तिकिटवाटपाच्या वादातून वानखेडे उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली.