मदत हवी आहे: संचालकाला बोर्ड मीटिंगची नोटीस किती दिवस आधी मिळायला हवी? (शेतकरी उत्पादक कंपनी, चोपडा)

नमस्कार मंडळी,

आमच्या चोपडा तालुक्यातल्या केळी उत्पादकांच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत माझी आई संचालक आहे. शिक्षण सातवी, पण घडाचा भाव आणि ठिबकचा हिशोब तोंडपाठ. मी पुण्यात असतो, त्यामुळे कागदपत्रं ती फोनवर वाचून दाखवते.

प्रश्न असा. बैठकीचा निरोप व्हॉट्सॲपवर येतो, तोही रात्री नऊला: "उद्या 11 वा. मिटिंग, सर्वांनी उपस्थित राहावे." विषय काहीच नाही. गेल्या वेळी तर तेवढंही आलं नाही. चार दिवसांनी फवारणीच्या औषधाच्या दुकानात तिला कळलं, की रायपनिंग चेंबरसाठी (केळी पिकवायची खोली) कर्ज काढायचं ठरलंसुद्धा! मग ऑफिसचा पोरगा प्रोसिडिंग (बैठकीचं इतिवृत्त) आणि हजेरीचं रजिस्टर घेऊन घरी आला, "सही करी दे वं माय." आईने केली नाही. तो म्हणे, सगळ्यांनी केलीय.

एकूण नऊ संचालक. कोरम (बैठकीला लागणारी किमान हजेरी) होता म्हणतात. मग आईला न कळवता झालेली बैठक चालते का? तिच्या जागी मी बसू शकतो का? आणि सही दिली नाही म्हणून काही अंगलट येईल का?

तापीकाठचा
नोटीस तीन पूर्ण दिवसांची लागते. पूर्ण दिवस म्हणजे नोटीस मिळाल्याचा दिवस आणि बैठकीचा दिवस दोन्ही सोडून. आमच्या जळगावच्या हाउसिंग सोसायटीच्या उपविधीत लिहिलंय.

कापूसकोंड्या
दादा, ते गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधीतलं. ही सोसायटी नाही, कंपनी आहे. आपल्याकडे घोळ इथेच होतो: विकासो (गावची विविध कार्यकारी सोसायटी) चालवून आलेली माणसं कंपनीत बसतात आणि ती गावच्या सोसायटीसारखी हाकतात. सहकार कायदा 1960 चा, निबंधक, गटसचिव, यांचा इथे संबंध नाही.

उत्पादक कंपनीला कंपनी कायदा 2013 मधलं प्रकरण 21-अ लागू. त्यातल्या कलम 378 व्ही प्रमाणे प्रत्येक संचालकाला लेखी नोटीस, बैठकीच्या किमान सात दिवस आधी, आणि ती काढायची जबाबदारी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची (सीईओ). चुकला तर दंड त्यालाच. घाई असेल तर कमी मुदतीत बोलावता येतं, पण मग बोर्डाने कारण लेखी नोंदवायचं. ते कारण प्रोसिडिंगमध्ये आहे का, एवढंच आधी बघा.

कोरमचं म्हणाल तर एक तृतीयांश, आणि तीनपेक्षा कमी नाही. नऊ जणांत तिघे बसले की झाला! म्हणून कोरम होता हे उत्तर नाही. कोरम किती जण आले ते सांगतो, नोटीस सगळ्यांना गेली का ते नाही.

सहीबद्दल आईंनी अगदी बरोबर केलं. इतिवृत्तावर त्या किंवा पुढच्या बैठकीच्या अध्यक्षाची सही लागते, प्रत्येक संचालकाची नाही. हजेरीवर सही दिली असती तर आई त्या बैठकीत होत्या असं झालं असतं. इतिवृत्तात हजर संचालकांची नावं आणि ठरावाला विरोध करणाऱ्यांची नावं लिहावी लागतात (कलम 118). हजर आणि विरोध नाही, म्हणजे कर्जाला संमती. उद्या हप्ता थकला की कोण विचारतंय तेव्हा घरी केळीच्या कांदेबागेत होतात म्हणून.

तुम्ही मात्र बसू शकत नाही. सर्वसाधारण सभेत सभासदाला प्रॉक्सी (आपल्या जागी दुसरा माणूस) देता येते, संचालकाला बोर्डात नाही. पण आई व्हिडिओ कॉलवरून हजर राहू शकतात, कलम 173 मध्ये सोय आहे. लाइट असली म्हणजे झालं.

रावेरकर
मी नुसता भागधारक. मला बोर्डात बसता येतं का?

कापूसकोंड्या
हक्काने नाही. तुमचा हक्क वार्षिक सभेचा. तिची नोटीस चौदा दिवस आधी, सोबत विषयपत्रिका, मागच्या सभेचं इतिवृत्त आणि ताळेबंद. मतदानाचा हक्क असलेल्या एक तृतीयांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा बोलवावीच लागते. सह्या गोळा करायला चहा पुष्कळ लागतो, ते वेगळं.

धागाकर्ता
आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे माझी सही मागत होते ते माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी." उद्या ती पत्र देणार: त्या बैठकीची नोटीस मला मिळाली नाही, मी हजर नव्हते, कर्जाच्या ठरावाला माझी संमती नाही, इतिवृत्ताची प्रत द्यावी. टाईप करू नको म्हणते, तिच्याच अक्षरात जाऊ दे. पोच अध्यक्षांची घेऊ की सीईओची?

कापूसकोंड्या
सीईओची. शिक्का आणि तारीख दोन्ही. अध्यक्षांना एक प्रत स्पीड पोस्टाने टाका, गावात रोज तोंड बघायचंय.