निवोलुमॅब चालू आहे पण सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) काहीच फरक नाही, पेशी कामाला लागल्यात हे कळणार कसं?

सांगलीकर_पुतण्या:
काकांना गालाचा कॅन्सर, तंबाखू-चुन्याची जुनी सवय. ऑपरेशन, रेडिएशन सगळं झालं, आता परत आलाय. कमी डोसचं निवोलुमॅब लावलंय, २० मिग्रॅ दर तीन आठवड्यांनी, बरोबर घरी घ्यायच्या गोळ्या. डॉक्टर म्हणाले हे औषध शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कामाला लावतं, तेव्हापासून घरात सगळे रिपोर्टमधल्या पांढऱ्या पेशीच बघतात आणि त्या काही वाढत नाहीत. काकू म्हणते औषध लागू पडत नाहीये, तिने वरून गुळवेलीचा काढा पण सुरू केलाय. नक्की बघायचं काय?

टी_पेशीवाली:
सीबीसीवरून हे कळणारच नाही, कारण हे औषध पेशींची संख्या वाढवायला नसतंच. गाठीत टी पेशी (कॅन्सरशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बऱ्याचदा आधीच पोचलेल्या असतात, कॅन्सरची पेशी त्यांनी ओळखलेली पण असते, पण महिनोन्‌महिने तेच समोर राहिलं की त्या थकतात आणि त्यांच्या अंगावर पीडी-१ नावाचं प्रथिन भरपूर यायला लागतं. कॅन्सर पेशी त्याला आपलं पीडी-एल१ नावाचं प्रथिन चिकटवते की टी पेशी गप्प. निवोलुमॅब पीडी-१ वर जाऊन बसतं म्हणजे हा ब्रेक सुटतो. यात गंमत अशी की पार थकलेल्या पेशी फारशा उठत नाहीत, कमी थकलेल्या असतात त्याच भराभर वाढतात आणि मारायचं काम करतात. आणि ज्यांच्या गाठीत टी पेशी शिरलेल्याच नाहीत त्यांच्यात ब्रेक काढून फारसं काही होत नाही, म्हणून एकाला गुण येतो, दुसऱ्याला नाही. हे सगळं गाठीत घडतं, त्यामुळे स्कॅन आणि तोंडाची तपासणी हेच खरं. क्वचित टी पेशी गाठीत घुसल्यामुळे पहिल्या स्कॅनला गाठ मोठी दिसते, लगेच घाबरून औषध सोडू नका, डॉक्टर काय म्हणतात ते बघा.

सांगलीकर_पुतण्या:
बरं झालं सांगितलंत. पण २० मिग्रॅ फारच कमी नाही का, नेटवर तर २४० दिसतंय

टी_पेशीवाली:
टाटा मेमोरियलनेच ही ट्रायल केली. परत आलेल्या किंवा पसरलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये गोळ्यांना २० मिग्रॅ निवोलुमॅब जोडलं तर एक वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. इतक्या कमी औषधातही रक्तातल्या टी पेशींवरचं पीडी-१ बऱ्यापैकी झाकलं जातं. पूर्ण डोस परवडत नाही अशा आपल्या असंख्य घरांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

मावशीसोबत:
माझ्या मावशीला हेच औषध चालू होतं. सुटलेल्या टी पेशी आपल्याच अवयवांवर पण जाऊ शकतात, तिचा थायरॉईड बिघडला, गोळी लागली. जुलाब, दम, कावीळ यातलं काही दिसलं की त्याच दिवशी फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट नको. आणि काढा आधी बंद. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला सूज आलेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनीच नोंदवलेत, आणि निवोलुमॅबनेही लिव्हर सुजू शकतं, मग नेमकं कशामुळे झालं ते डॉक्टरांना कळणार कसं? काकूंना रागवू नका, त्यांना पुढच्या वेळी सोबत न्या आणि काढ्याचं डॉक्टरांसमोरच बोला.

सांगलीकर_पुतण्या:
नेतो. थायरॉईडच्या टीएसएच आणि लिव्हरच्या टेस्टचं पण विचारतो.