थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स: तो इलेक्ट्रिक जग हवाच होता का?

फझबॉक्स
टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या या बँडचा पहिला अल्बम, ‘द सायकेडेलिक साउंड्स ऑफ द थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स’ (१९६६), परवा सलग ऐकला. रॉकी एरिक्सनचं घसा फाडून गाणं, स्टेसी सदरलँडची घुमणारी गिटार आणि या सगळ्याखाली अखंड डुगुडुगुडुगु करणारा टॉमी हॉलचा जग, म्हणजे पाण्याच्या जगसारखं भांडं, वाद्य म्हणून वापरलेलं. जुन्या जग-बँडवाल्यांसारखा तो फुंकून बासचे सूर काढत नव्हता. जगच्या तोंडाशी माइक धरायचा (म्हणून ‘इलेक्ट्रिक’) आणि आत भराभर तोंडाने आवाज करायचा.
माझं मत: जग काढून टाका, झकास गॅरेज रॉक, म्हणजे साधं-रांगडं रॉक, उरेल. सायकेडेलिक, म्हणजे नशेत भास व्हावेत तसं गुंगवणारं, मात्र काही उरणार नाही.

तारसप्तक
असहमत. मला तर हंड्यात कबुतर अडकल्यासारखं वाटतं! पहिल्या गाण्यात मजा येते, तिसऱ्यापर्यंत डोकं उठतं. ‘स्प्लॅश १’ घ्या. ते हळवं गाणं निव्वळ चालीवर आणि रॉकीच्या गळ्यावर उभं आहे.
आणि ‘यू आर गॉना मिस मी’ रॉकीने आधीच्या ‘स्पेड्स’ बँडबरोबर १९६५ मध्येच गायलं होतं. तेव्हा कुठे होता जग? गाणं होतंच की.

फझबॉक्स
बरं झालं स्पेड्सचं काढलंत. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा. स्पेड्सचं ठीकठाक आहे, नाचायला बरं. एलिव्हेटर्सच्या आवृत्तीत दोन ओळींमध्ये जरा उसंत मिळेल असं वाटतं, तर तिथे जग येऊन बसतो. ड्रम्स एका लयीत, जग त्याच्या दुप्पट घाईत. श्वास घ्यायला जागाच नाही. बिलबोर्डच्या अमेरिकन लोकप्रियता-यादीत ते ५५व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि १९७२ च्या ‘नगेट्स’ या जुन्या गॅरेज रॉक गाण्यांच्या संकलनात लेनी के याने घेतलं, तेही हेच.

मोनोप्रेमी
तुम्ही दोघं कुठलं मिक्स ऐकताय ते आधी सांगा, दोन कानांत वेगवेगळे आवाज येणारं स्टिरिओ की सगळं एकत्र येणारं मोनो. स्टिरिओत सगळं विस्कटतं, जग एकटाच बडबडतोय असं वाटतं. मोनोत तो गिटारमध्ये मुरतो. अर्धं भांडण तिथेच मिटेल.

तारसप्तक
मोनोच ऐकलंय हो. कबुतर तेच, फक्त जवळ आलं.

उगीचच
जग राहू द्या बाजूला. या अल्बमचं कौतुक खरं तर रॉकीच्या कहाणीचं आहे. १९६९ मध्ये गांजासाठी पकडला गेला, वेडाचा बचाव घेतला आणि १९७२ पर्यंत मनोरुग्णालयात अडकला. हे वाचून जो तो हळवा होतो आणि साधारण गाण्यांनाही अभिजात म्हणतो. वर कव्हरवरचं हॉलचं ते रसायनांनी दृष्टिकोन बदलण्याचं प्रवचन! ते न वाचता कितीजणांना यात ‘खोल’ काही ऐकू आलं असतं?

फझबॉक्स
प्रवचनाबद्दल +१, मला ते कधीच झेपलं नाही. पण १९६६ चं गाणं ऐकताना १९६९ कशाला मध्ये आणायचं? ‘रोलर कोस्टर’ लावा. पाच मिनिटांचं गाणं, गिटारची एकच गूढ चाल गोल गोल फिरते, मध्येच लय चढते आणि रॉकी ओरडायला लागतो. त्याला कुठली कहाणी लागते?

उगीचच
‘रोलर कोस्टर’ मान्य. बाकी दहांपैकी किती त्या तोडीची? ‘मंकी आयलंड’ तर मी सरळ पुढे ढकलतो.

तारसप्तक
‘मंकी आयलंड’ला हात लावायचा नाही! जग सोडून मला या अल्बममधलं सगळं आवडतं, हे वर लिहायचं राहिलं बहुतेक. माझं भांडण फक्त त्या कबुतराशी. आणि फझबॉक्स, दुसऱ्या अल्बमवर, ‘ईस्टर एव्हरीव्हेअर’वर (१९६७), वेगळा धागा काढा. तिथेही जग आहेच, तेव्हा मी येतोच.