मदत हवी आहे : आबांचं कमी ऐकू येणं आणि मेंदूची तब्येत

नमस्कार मंडळी. आमचे आबा ७१ वर्षांचे. पहाटे रंकाळ्याला चक्कर आणि मग कट्ट्यावर गप्पा, हा वर्षानुवर्षांचा नेम. गेल्या वर्षापासून ऐकू कमी येतंय आणि त्यांनी कट्टाच सोडला. "लोक काय बोलतात कळत नाही, नुसती मान किती हलवायची?" म्हणाले. ते मला फार लागलं.

डिमेन्शियावर (स्मरणशक्ती, विचारशक्ती ढासळत जाण्याचा आजार) वाचताना 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०२४ चा अहवाल सापडला. बदलता येण्यासारखे १४ धोके त्यात दिलेत. लहानपणी कमी शिक्षण, मध्यमवयात बहिरेपण, रक्तदाब, साखर, उतारवयात एकटेपणा, अधू नजर वगैरे. हे सगळे दूर झाले तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो. म्हणजे मेंदूची काळजी शाळेपासूनच सुरू होते. फिनलंडच्या 'फिंगर' अभ्यासात तर ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांवर काम झालं. आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, असं दोन वर्षं एकत्र केल्यावर फायदा दिसला. म्हणजे आबांना अजून उशीर झालेला नाही, असं मी धरून चाललोय.

अडचण अशी की कानाची मशीन घेतली, पण ती डबीतच पडून आहे. "गोंगाट होतो" म्हणतात. तुमच्या घरात कुणाला सवय लागली का? किती दिवसांत, कशी? कोल्हापुरात मशीन धीरानं बसवून, पुन्हा पुन्हा जुळवून देणारं कुणी माहीत आहे का? आणि त्यांना परत कट्ट्यावर न्यायचं कसं, तेही सांगा.