मदत हवी आहे: नाताळच्या सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी द्राक्षं आणि चीजचा सोपा पदार्थ (२२ माणसं, नाशिक)

कैरीची फोड

नमस्कार मंडळी,

येत्या २८ डिसेंबरला आमच्याकडे इंदिरानगरला २२ माणसं जमणार आहेत. धाकटा भाऊ पाच वर्षांनी बायकामुलांना घेऊन येतोय. जेवणाची काळजी नाही. भरीत, बाजरीची भाकरी, मसालेभात, गाजराचा हलवा एवढं जाऊबाई आणि मी मिळून सहज करू. अडलंय ते जेवणाआधीचं. गप्पा मारता मारता हातात घेऊन खाता येईल असं चीज आणि फळांचं काहीतरी करायचंय. माझी भावजय तिकडे सणाला असं ताट मांडते. आम्ही गेलो होतो तेव्हा आमच्यासाठीही तिने हौसेने मांडलं होतं. तसंच ताट इथे, आपल्या फळांचं, तिच्यासमोर ठेवावं असं फार मनात आहे.

आपली फळं म्हणजे मुख्यतः द्राक्षं. पिंपळगाव बसवंतजवळ आमची बाग होती. वडील गेल्यावर ती विकावी लागली. भावाच्या मुलांना सुट्टी नाताळातच असते, म्हणून तो येतो तेव्हा नेमकी आपल्याकडची द्राक्षं तयार नसतात. आमच्या बागेचा माल महाशिवरात्रीच्या आसपास निघायचा. दर वेळी घरात पाऊल टाकलं की तो विचारतो, "द्राक्षं आली का गं?" आणि मला नाही म्हणावं लागतं. या वेळी ताटात गोड द्राक्षं हवीतच.

मागच्या वर्षी दिवाळीत एकदा प्रयत्न केला होता. खारट बिस्किटावर चीजची चकती, वर द्राक्षाचे दोन तुकडे आणि चाट मसाला. वीस मिनिटांत बिस्किटं मऊ पडली आणि द्राक्षांना पाणी सुटलं. खाल्लं सगळ्यांनी, पण ताट टेबलावर असताना ते बघवत नव्हतं.

अडचणी अशा आहेत. सासूबाई ७८ वर्षांच्या, कवळी आहे. शेजारचं जैन कुटुंब येणार आहे. दोन मुलं ३ आणि ४ वर्षांची आहेत. त्या दिवशी गॅसच्या दोन्ही शेगड्या जेवणात अडकणार, म्हणून न शिजवता होणारं आणि आदल्या दिवशी बरंचसं करून ठेवता येणारं हवं. भाऊ येताना तिकडचं पार्मेजान चीज आणतोय, ते वापरावं का? आणि डिसेंबरअखेर गोड द्राक्षं मिळतात का?

वेलमांडव

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, दिंडोरी तालुक्यात आमची स्वतःची बाग आहे.

निफाड-दिंडोरी पट्ट्यात गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) बहुतेक सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. तिथून घड तयार व्हायला साधारण ११० ते १३० दिवस लागतात. म्हणून नाताळात आमच्या वेलीवरचा मणी अजून आंबट असतो. पण सटाणा-बागलाणकडे छाटणी पावसाळ्यातच उरकतात, त्यांचा लवकरचा माल डिसेंबरात बाजारात असतो. फळवाल्याला सरळ विचारा, माल बागलाणचा आहे का.

विकत घेताना घडाच्या टोकाचा, अगदी खालचा मणी खाऊन बघा. घडात वरचे मणी आधी गोड होतात, टोकाचे सगळ्यात शेवटी. तो गोड लागला तर अख्खा घड गोड. वरचा मणी चाखून घेतलेली द्राक्षं घरी गेल्यावर फसवतात. आंबट घेऊन चार दिवस ठेवू म्हणाल, तर द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, ते केळ्यासारखं नाही. देठ हिरवा बघा, तपकिरी पडला असेल तर माल जुना आहे.

मण्यावर एकसारखी पांढरट लव असते ती नैसर्गिक असते, तिला घाबरू नका. तरीही मिठाच्या पाण्यात १०-१५ मिनिटं ठेवून मग वाहत्या पाण्याखाली धुवा. आणि सजावटीला बागेतलं द्राक्षाचं पान कुणी दिलं तर ताटात ठेवू नका. पानांवर फवारण्या झालेल्या असतात. त्याऐवजी विड्याचं पान ठेवा.

साजूक तूप

माझ्याकडे दरवर्षी होणारा पदार्थ सांगते. द्राक्षाभोवती चीजचं आवरण आणि त्यावर पिस्त्याची भरड. परदेशात यासाठी क्रीम चीज वापरतात. आपल्याकडे श्रीखंडाचा चक्का असताना ते शोधत फिरायची गरज नाही.

६० नगांसाठी ३०० ग्रॅम चक्का, ३०० ग्रॅम ताजं मलई पनीर आणि चीजचे ४ क्यूब (२५ ग्रॅमचा एक). चक्का घरी करणार असाल तर १ किलो घट्ट दह्याचा साधारण ४०० ग्रॅम निघतो. फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्येच टांगा, बाहेर टांगलात तर आंबटपणा वाढतो.

पनीर किसून तळहाताच्या टाचेने ताटात मळा, रसगुल्ल्याला मळतो तसं, कण लागेनासा होईपर्यंत. मग किसलेलं चीज आणि सगळ्यात शेवटी चक्का. अर्धा चमचा मिरपूड आणि एका संत्र्याची साल किसून घाला. फक्त नारिंगी भाग घ्या, आतला पांढरा कडू असतो. मीठ घालू नका, चीजमध्ये पुरेसं असतं. मिश्रण तासभर फ्रीजमध्ये ठेवा.

द्राक्षं धुऊन फडक्यावर पसरा आणि एकेक मणी पुसून घ्या. इथे घाई केली तर सगळं वाया जातं. ओल्या मण्यावर मिश्रण धरतच नाही, सालासारखं निघून येतं. सुपारीएवढा गोळा तळहातावर चपटा करून मधे द्राक्ष ठेवा, मोदकासारखं बंद करा आणि पिस्त्यात घोळवा. आदल्या रात्री करून झाकून ठेवता येतात. पिस्त्यात मात्र द्यायच्या आधी तासाभरात घोळवा, म्हणजे कुरकुरीत राहतो.

काही नग काळ्या शरद सीडलेसचे करा आणि ते उभे अर्धे कापून मांडा. पांढऱ्या आवरणात काळा मणी फार देखणा दिसतो.

पाटावरवंटा

बिस्किटं का मऊ पडली ते सांगतो. कापलेल्या फळावर मीठ पडलं की ते आतलं पाणी बाहेर ओढतं, कोशिंबिरीला पाणी सुटतं तसंच. चाट मसाल्यात मीठ असतंच. ते पाणी चीजच्या कडेने खाली उतरलं आणि बिस्किटाने पिऊन टाकलं. म्हणून मसाला द्यायच्या क्षणी भुरभुरवायचा आणि बिस्किटावर आधी लोण्याचा पातळ हात फिरवायचा. स्निग्ध थरातून पाणी लवकर झिरपत नाही. मी तर बिस्किटाऐवजी लहान खाकरे घेतो, ते जास्त तग धरतात.

दुसरी गोष्ट, ताट रंगीत दिसावं म्हणून चक्क्यात ताजं अननस, किवी किंवा पपई घालू नका. या फळांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात (अननसात ब्रोमेलिन). दुधाच्या पदार्थात मिसळून ठेवलं की मिश्रण सैल होतं आणि कडवट चव येते. डब्यातलं अननस चालतं, कारण ते आधी तापवलेलं असतं. रंगासाठी भगवा जातीच्या डाळिंबाचे दाणे घ्या, सटाणा-मालेगावकडचे या दिवसांत छान मिळतात. वणीमार्गे सापुतारा रस्त्याला कुणी जाणार असेल तर हातगड-बोरगावकडची स्ट्रॉबेरी मागवा. ती देठासकट धुवा आणि देठ नंतर काढा, नाहीतर आत पाणी शिरतं.

रविवार कारंजा

आम्ही जैन आहोत म्हणून लिहिते. शेजाऱ्यांची आठवण ठेवून आधी विचारताय हे फार बरं वाटलं. मध आणि अंजीर ताटात वेगळं ठेवा, आमच्यात दोन्ही चालत नाही. अंजीर वड-पिंपळ-उंबराच्या कुळातलं म्हणून वर्ज्य. कडक पाळणाऱ्या घरी रात्री ठेवलेला पदार्थही चालत नाही आणि काही जण चीजच खात नाहीत. त्यामुळे त्यांनाच मोकळेपणाने विचारा. कुणालाही त्यात वाईट वाटत नाही.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे वेळ. डिसेंबरअखेर आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतर बरेच जण खात नाहीत. साडेचारला बोलावलंत तर त्यांना सगळ्यांसोबत बसून खाता येईल.

पार्मेजानबद्दल: अस्सल इटालियन पार्मेजान वासराच्या जठरातल्या रेनेटनेच (दूध साकळवणाऱ्या विकराने) करतात. शाकाहारी माणसाला ते चालणार नाही. आपल्याकडच्या पाकिटावर हिरवा ठिपका बघून चीज घ्या. भावाचं चीज वेगळ्या ताटलीत, वेगळ्या सुरीसह ठेवा आणि काय आहे ते सांगून ठेवा.

गोदाकाठ

मी बालरुग्ण विभागात नर्स आहे. इथे दुसरं कुणी लिहिण्याआधी मला लिहायचंय: ३-४ वर्षांच्या मुलांच्या हातात अख्खं द्राक्ष पडता कामा नये. आकार नेमका श्वासनलिका बंद करणारा, गुळगुळीत, आणि दाबलं तरी सहज फुटत नाही. पाच वर्षांपर्यंत द्राक्ष उभं चार भागांत कापून द्यावं. आडव्या चकत्या नकोत, त्याही गोलच राहतात. वरच्या पदार्थात तर मणी आवरणात लपलेला आहे, मुलांना आत काय आहे ते कळणारही नाही. त्यांची ताटली वेगळी करा, बसवून खाऊ घाला. टूथपिकही त्या दोघांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा. पिस्त्याचे मोठे तुकडेही नकोत, अगदी बारीक पूड करा.

सासूबाईंना पिस्त्याशिवाय द्या. कवळीखाली भरड अडकली की टोचते.

कैरीची फोड

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! गोदाकाठ ताई, मुलांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुमचं उत्तर भावजयीला वाचून दाखवलं.

शेजारच्या भाभींना विचारलं. त्यांच्याकडे हिरव्या ठिपक्याचं चीज चालतं, रात्रीचं ठेवलेलं चालत नाही. म्हणून त्यांच्यापुरते दहा नग त्याच दिवशी ताज्या पनीरचे, चक्का न घालता करणार. वेळ साडेचारची ठरवली.

आज १० नग करून पाहिले. चव सुरेख, पण मिश्रण हाताला चिकटतंय आणि गोळा बसतो, खाली चपटा होतो. चक्का डेअरीतला होता. काय करू?

साजूक तूप

डेअरीतल्या चक्क्यात पुष्कळदा पाणी राहिलेलं असतं. घरी आणल्यावर पुन्हा फडक्यात बांधून वर वजन ठेवा, तीन-चार तास. तरीही सैल वाटलं तर एक क्यूब चीज वाढवा. मैदा, कॉर्नफ्लोअर असलं काही घालू नका, कच्ची चव राहते. हाताला अगदी थोडं लोणी लावून वळा.

कैरीची फोड

कालच कार्यक्रम झाला, कसं झालं ते सांगते.

चक्का पुन्हा बांधला तर त्यातून जवळजवळ वाटीभर पाणी निघालं. त्यानंतर गोळे छान उभे राहिले. ५४ नग झाले, वरती भाभींचे दहा वेगळे. आईच्या पितळी परातीत ते घडाच्या आकारात मांडले, वर रुंद आणि खाली निमुळते, डोक्यावर विड्याची दोन पानं. मधून मधून डाळिंबाचे दाणे. खाकरे शेजारी कोरडेच ठेवले, ज्याने त्याने वर ठेवून घेतलं, त्यामुळे मऊ पडायचा प्रश्नच आला नाही. स्ट्रॉबेरी मिळाली नाही.

मुलांसाठी मऊ पनीर आणि चार भाग केलेली द्राक्षं वाटीत, चमच्यासह. सासूबाईंनी पिस्त्याशिवायचे तीन खाल्ले आणि चौथा मागितला. भाभी आणि त्यांचे सासरे सूर्यास्ताआधी आमच्यासोबत बसून खाऊन गेले. याआधी ते आमच्याकडच्या कार्यक्रमांना यायचे, पण पाणीच घ्यायचे. पार्मेजान भावाने स्वतःच वेगळं मांडलं आणि प्रत्येकाला सांगून दिलं.

एक चुकलं. काळ्या द्राक्षांचे नग मी दुपारीच कापून ठेवले, तासाभरात कापलेल्या बाजूला जांभळा रंग पसरला. ते अगदी बसायच्या वेळी कापायला हवेत.

वेलमांडव दादा, तुमच्यासाठी खास लिहिते. द्राक्षं बागलाणचीच मिळाली. चार ठिकाणी टोकाचा मणी चाखला, चौथ्या गाडीवर गोड निघाला. काही घड तसेच परातीशेजारी ठेवले होते. भाऊ आला, घड उचलला आणि काही न बोलता आधी खालचा मणी तोडून तोंडात टाकला. वडील बागेत असंच करायचे. नंतर तो बराच वेळ परातीजवळच उभा होता.

जवळपास वाटीभर मिश्रण उरलं. त्यात हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून आज सकाळी पराठे केले, भाजताना फुटले नाहीत. फक्त संत्र्याची साल पराठ्यात जरा उग्र लागते, तेव्हा पराठ्यांसाठी ठेवायचं मिश्रण साल घालण्याआधीच बाजूला काढा.