पोटातल्या जिवाणूंमुळे असा थकवा येतो का? साडेआठ हजारांचा कोर्स घ्यावा का?

सई_नाशिक:
मे २०२१ मध्ये कोविड झाला, घरीच बरा झाला. तेव्हापासून अंगातलं त्राण गेलं ते गेलंच. परवा दोघांपुरता कुकर लावला आणि तीन शिट्ट्या होईस्तोवर ओट्याला टेकून उभी होते. एवढंच काम, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळे उघडवेनात. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी "मन रमवा" म्हणून परत पाठवलं. गेल्या महिन्यात दुसऱ्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एमई/सीएफएस, म्हणजे थोड्या श्रमानेही बळावणारा दीर्घकाळचा थकव्याचा आजार, असं निदान केलं.
पोटही बिघडलेलंच असतं. कधी जुलाब, कधी दोन-दोन दिवस काहीच नाही. भाऊ म्हणतो, सगळं मूळ पोटातल्या जिवाणूंत आहे, प्रोबायोटिकचा, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या गोळ्यांचा, तीन महिन्यांचा कोर्स कर. शिवाय शौचाची बारा हजारांची तपासणी. पगार निम्म्यावर आलाय, म्हणून विचारते.

अणुजीव:
सईताई, मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. भावाचं म्हणणं निराधार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतले दोन अभ्यास एकदमच प्रसिद्ध झाले. कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने १०६ रुग्ण आणि ९१ निरोगी माणसं तपासली. रुग्णांमध्ये फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झाय हा जिवाणू कमी होता, आणि तो जितका कमी तितका थकवा जास्त. आपल्याला न पचणारा चोथा आंबवून हे जिवाणू ब्युटिरेट तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन तेच.
पण दुसरा अभ्यास वाचून मी थबकलो. जॅक्सन लॅबोरेटरीच्या गटाला आजार चार वर्षांच्या आतला असलेल्यांत जिवाणूंची घडी जास्त विस्कटलेली दिसली. दहा वर्षांहून जुन्या रुग्णांत ती बरीचशी सावरलेली होती, माणसं मात्र आजारीच. सगळं मूळ जिवाणूंतच असतं, तर असं का व्हावं? शिवाय माणूस अंथरुणाला खिळला, जेवण बदललं, की जिवाणूही बदलतात. आधी काय बिघडलं हे अजून उलगडलेलं नाही.
आणि हा जिवाणू हवेत काही मिनिटांत मरतो. दह्यात किंवा नेहमीच्या प्रोबायोटिक गोळ्यांत तो नसतो. शौचाच्या तपासणीवरून या आजाराचं निदानही होत नाही. माझी बहीण असती तर तिला मी दोन्हींवर पैसे घालू दिले नसते. जुलाबासाठी मात्र पोटाच्या डॉक्टरांना जरूर दाखवा. सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार) किंवा आतड्याची सूज असेल तर तिच्यावर उपचार आहेत.

वृंदा_सांगली:
सई, मला नऊ वर्षं झाली. तुझं कुकरचं वाचून डोळे भरून आले. आधी ओट्याजवळ उंच स्टूल ठेव. मी कणीक बसून मळते, भाजी आदल्या संध्याकाळी चिरून ठेवते, आंघोळीच्या दिवशी दुसरं काही काढत नाही. "रोज थोडं जास्त चाल" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. मी ऐकलं आणि सात महिने अंथरुणात काढले. उपचार कसे करावेत हे डॉक्टरांना सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवायचा सल्ला २०२१ मध्ये काढून टाकलाय.
खाण्यात मी मुगाची उसळ दोन चमच्यांपासून सुरू केली. पोट हलकं झालं, थकवा तसाच आहे. राजमा सोसलाच नाही.

सई_नाशिक:
वृंदाताई, सर, भावाला हे सगळं वाचून दाखवलं. तो गप्प बसला आणि मग माळ्यावरचं स्टूल काढून पुसायला लागला. पोटाच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ मिळाली आहे. रिक्षाने जाऊन येण्याआधी दोन दिवस नुसतं पडून राहू की एक दिवस पुरेल?

वृंदा_सांगली:
दोन दिवस आधी, आणि नंतरचेही दोन मोकळे ठेव. भाकरी शेजारून मागव.