'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू चढी का लागते? आणि १९५९चं एवढं काय?

पांढरीपट्टी:
महिनाभर रोज रात्री माइल्स डेव्हिसचा जॅझ अल्बम 'काइंड ऑफ ब्लू' लावून सोबत कीबोर्ड वाजवतेय. रेकॉर्ड जुनी, वडिलांच्या वेळची. 'सो व्हॉट' पांढरी दोनमध्ये आहे. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, म्हणजे आपला काफी थाट. मधले आठ बार (चार-चार मात्रांचे) तेच काळी दोनवर जातं आणि परत खाली येतं. एवढं सरळ असून माझं जुळत नाही. पॉल चेंबर्सचा बास माझ्या पट्टीच्या किंचित वर लागतो. पुढची पट्टी घ्यावी इतकाही वर नाही, पण कानाला टोचत राहतो. टर्नटेबल जोरात फिरतंय म्हणावं, तर उलट्या बाजूचं 'ऑल ब्लूज' चोख जुळतं. असं का होत असावं?

दुसरं म्हणजे, जॅझबद्दल काहीही वाचायला घेतलं की सगळे १९५९पाशी येऊन थांबतात. त्या वर्षात असं काय घडलं? अल्बमांची यादी नको, कुठून कसं ऐकू ते सांगा.

मंद्रसप्तक:
टर्नटेबलला हात लावू नका. दोष मूळ टेपमध्येच आहे आणि तुमचा कान पक्का आहे.

पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना २ मार्च १९५९ला न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत मुद्रित झाल्या. हा स्टुडिओ म्हणजे उंच छताचं एक जुनं चर्च. त्या दिवशी मुख्य टेप मशीन जरा हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेलं मुद्रण बरोबर वेगाने वाजवलं की जलद आणि चढं ऐकू येतं. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तेव्हा ही अडचण नव्हती. नशिबाने २ मार्चला शेजारी दुसरं मशीनही चालू होतं. त्या टेपवरून १९९२मध्ये चूक सुधारली. तोवर तीसेक वर्षं लोक ही बाजू चढीच ऐकत होते! सुधारलेली आवृत्ती मिळवा, कीबोर्ड लगेच बसेल.

आता १९५९. माझं ऐकाल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि फक्त सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या मागे जा. बेबॉपच्या, म्हणजे चाळीसच्या दशकातल्या वेगवान जॅझच्या, काळापासून कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांची) गर्दी एवढी वाढली होती की वादकाचा जीव ती पार करण्यातच जायचा. माइल्स डेव्हिसने ती गर्दी हटवली. तुम्ही वाजवताय त्या 'सो व्हॉट'मध्ये बत्तीस बारला दोनच पट्ट्या, वादकाला हवी तेवढी जागा. कोल्ट्रेन त्यात सॅक्सोफोन वाजवतोय. दुसरी बाजू संपवून तो निघाला आणि बारा दिवसांनी, ४ आणि ५ मेला, स्वतःचा 'जायंट स्टेप्स' मुद्रित करायला बसला. त्या नावाची रचना फक्त सोळा बारांची, पण पांढरी सात, पांढरी पाच आणि काळी दोन या तीन पट्ट्यांतून सुसाट पळते. म्हणजे माइल्सने जी गर्दी काढली, तीच याने दुप्पट केली. दोन्हीकडे माणूस तोच! मला हे आजही थक्क करतं.

त्यात टॉमी फ्लॅनगनचा पियानो सोलो नीट ऐका. फ्लॅनगन लहान वादक नव्हे, पण इथे त्याची वाक्यं तुटतात, मग तो नुसत्या कॉर्डवर येतो आणि सॅक्सोफोन परत सूत्रं हातात घेतो. ती रचना किती नवी होती हे त्या अडखळण्यातून जेवढं कळतं, तेवढं कुठल्याही लेखातून कळत नाही. पुढे १९८२मध्ये फ्लॅनगनने तीच रचना पुन्हा मुद्रित केली, तीही ऐका.

त्याच मे महिन्याच्या २२ तारखेला, हॉलिवूडमध्ये, सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने पियानोशिवायच मुद्रण केलं. म्हणजे कॉर्ड धरून ठेवणारंच कोणी नाही. पियानोवादक डेव्ह ब्रूबेकच्या चमूचं पाच मात्रांचं 'टेक फाइव्ह'ही त्याच वर्षीचं, तुमच्याच त्या चर्चवाल्या स्टुडिओतलं. ते तुम्ही नक्की ऐकलं असेल, म्हणून थांबतो.

उशिराचा_सूर:
वरचं सगळं मान्य, पण १९५९ नुसता सोहळ्याचा नव्हता. १५ मार्चला सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग गेला. १७ जुलैला गायिका बिली हॉलिडे गेली, अवघ्या ४४व्या वर्षी, आणि इस्पितळात ती अटकेत होती. तिला 'लेडी डे' हे नाव लेस्टरने दिलेलं, त्याला 'प्रेझ' म्हणणारी ती. 'काइंड ऑफ ब्लू' १७ ऑगस्टला बाजारात आला आणि आठ दिवसांनी माइल्सला बर्डलँड क्लबच्या दारात, जिथे तो त्या रात्री वाजवत होता तिथेच, पोलिसांनी डोकं फुटेपर्यंत मारलं.

बासवादक चार्ल्स मिंगसचा 'मिंगस आह अम' हा अल्बम ऐकल्याशिवाय हे वर्ष पुरं होत नाही. 'गुडबाय पोर्क पाय हॅट' लेस्टरसाठी आहे, ती हॅट त्याचीच. आणि 'फेबल्स ऑफ फॉबस' अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्याचा गव्हर्नर फॉबस याच्यावर आहे, ज्याने १९५७मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना शिरू दिलं नाही. कोलंबियाने त्याचे शब्द गाळायला लावले. ते शब्द १९६०मध्ये दुसऱ्या कंपनीकडून आले. आधी बिनशब्दांचं ऐका, मग शब्दांचं.

पांढरीपट्टी:
दोघांचे मनापासून आभार. सुधारलेली आवृत्ती लावली आणि पहिल्याच बारला बास माझ्या पट्टीवर येऊन बसला. एवढा आनंद झाला की 'सो व्हॉट' पाच वेळा वाजवलं.

फ्लॅनगनचा सोलो ऐकताना श्वास धरून बसले होते. 'पोर्क पाय हॅट'मध्ये जॉन हँडी सॅक्सोफोनवर एक स्वर थरथरवत लांबवतो, तिथे रेकॉर्ड थांबवावी लागली. काल रात्रभर लेस्टर आणि बिलीची एकत्र मुद्रणं ऐकली.

आता कोलमनच्या त्याच मुद्रणातल्या 'लोनली वुमन'वर अडकलेय. ड्रम्स पळताहेत आणि वर सॅक्सोफोन-ट्रम्पेट रडल्यासारखे संथ. मात्रा कुणाच्या धरू?